हात तिथंच राहिले

१

रोज सकाळी चहा झाला की टायपिस्टकाका गरम पाण्याचं पातेलं पुढ्यात घेऊन त्यात दोन्ही हात बुडवून बसत. चाळीस वर्षं कचेरीत टाइपरायटर बडवला, त्याचं हे बक्षीस. मनगटं सुजलेली असायची आणि बोटं मुठीतून सुटायला कुरकुर करायची. अर्धा तास शेकलं की मग कुठं कामाला लागायची.

नोकरी संपली होती, पण काम काकांनी सोडलं नव्हतं. पाणीखात्याच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम त्यांनी घरी घेतलं होतं. कुठल्या टाकीत किती पाणी, कुठल्या गल्लीतला नळ गळतोय, कुणी तक्रार केली आणि कुणी ती मागं घेतली, असल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदी. आता त्या कोण वाचणार? पण कचेरीला त्या हव्या होत्या, आणि काकांना घरात नुसतं भिंतीकडं बघत बसायचं नव्हतं.

भिंतीकडं बघायला काकू होत्याच.

आठ महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा सकाळी मोटरसायकलवरून कामाला गेला, तो परत आला नाही. दवाखान्यातून फोन आला तेव्हा काकू त्याच्या डब्यात चमचा ठेवायला विसरल्या म्हणून स्वतःशीच चिडचिड करत होत्या. त्या दिवसापासून त्यांचं अन्नावरून मन उडालं. पानावर बसायच्या, घास करायच्या, तो हातात धरून ठेवायच्या आणि तसाच ताटात ठेवून उठायच्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचं वजन केलं आणि काकांना बाजूला घेतलं.

"काका, औषध मी देईन हो. पण पोटात काही गेलंच नाही तर औषध तरी काय करणार? असंच चाललं तर दोन महिने, फार तर तीन. मी स्पष्ट बोलते, राग मानू नका."

काकांनी राग मानला नाही. घरी येताना त्यांनी केळी घेतली. ती टोपलीतच काळी पडली.

अशात त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडून बघितला आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला न्याहाळावं तसं बघून परत झाकला.

"त्याचा आहे की आत," काकू म्हणाल्या.

मुलाच्या खोलीची गोष्ट त्यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा काढली होती.

२

मुलाचा लॅपटॉप गेम खेळायचा होता. लॅपटॉप कसला, चांगला पाटच होता. दोन्ही हातांनी उचलावा तेव्हा उचलायचा. चालू केला की आतले पंखे घोंगावायचे आणि बटणांच्या खालून निळा-तांबडा उजेड यायचा. एवढं वजन घेऊन कुठं फिरणार, म्हणून पोरानं तो कायमचा टेबलावर मांडला होता आणि पुढ्यात रुंद पाठीची खुर्ची ठेवली होती. पासवर्ड नव्हता. लपवण्यासारखं त्याच्याकडं काही नसावं, किंवा त्याच्या खोलीत कुणी डोकावतच नव्हतं म्हणा.

काका दबकत बसले, परक्याच्या घरी बसावं तसे. वही डाव्या हाताला उघडून ठेवली आणि हात पुढं केले.

आणि हातांना बरं वाटलं.

आता हे सांगून कळण्यासारखं नाही. बटणांच्या अलीकडं तळहात टेकायला वीतभर ऐसपैस जागा होती आणि ती हलकी ऊबदार होती. बटणं दाबावी लागत नव्हती, नुसतं मनात आणलं की बोटाखाली बसायची. टेबलाची उंची, खुर्चीचे हात, सगळं कोपराला असं भिडलं की जणू कुणी काकांचं माप घेऊन केलंय. मुलगा त्यांच्यापेक्षा चांगला हातभर उंच होता. खुर्ची त्याच्या मापाची. मग आपल्याला इतकी नेमकी कशी बसली, हा विचार काकांना शिवला, नाही असं नाही. पण चाळीस वर्षांनी मनगटं दुखत नसताना कोण असले विचार करत बसतो?

ते तीन तास टायपत बसले.

भिंतीपलीकडं स्वयंपाकघर. दहा वर्षं काकूंनी पोरावर ओरडत त्या भिंतीवर लाटणं आपटलं होतं. "बास झालं तुझं टकटक! डोकं उठलं!" त्या दुपारी लाटणं वाजलं नाही. काका बाहेर आले तेव्हा काकू ताटावर बसल्या होत्या आणि ताट निम्मं रिकामं होतं.

बोललं तर मोडेल असं काकांना वाटलं. पाणी प्यायला म्हणून माठापाशी गेले, पेला उचलला, तो हातातून सुटला. तळहातांना अजून ती ऊब लागत होती आणि बोटांखाली बटणं होती. पेला नव्हताच. जणू हात आत टेबलावरच राहिले आणि काका तेवढे उठून आले.

"लागलं का?" काकूंनी विचारलं.

"छे गं. ओला होता पेला."

पेला कोरडा होता.

३

पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले. काका टायपायचे, काकू दोन घास जास्त खायच्या. मग एका मंगळवारी काका तयार कागद घेऊन कचेरीत गेले. तिथला कारकून मोठा गप्पिष्ट. चहा पाजल्याशिवाय सोडीना. परत यायला पाच वाजले.

काकूंनी दार उघडलं. तोंडावर कधी नव्हे ती तकाकी होती.

"आज दुपारी छान लय लागली होती हो तुमची," त्या म्हणाल्या. "मी अख्खं ताट संपवलं. वर दही घेतलं."

काका चपला काढता काढता थांबले. "दुपारी? अगं, मी दोन वाजताच गेलो की."

"हो का?" काकू म्हणाल्या आणि ओट्याकडं वळल्या.

काकांनी मनाशी हिशोब मांडला. दुःखात माणसाला भास होतात. वरच्या मजल्यावर शिंपीणबाई राहते, तिचं मशीन दिवसभर चालतं. भिंतीतून आवाज कुठला कुठं उतरतो. आणि खरं म्हणजे, कशानं का होईना, ताट संपलं होतं. ते त्यांनी स्वतः जाऊन बघितलं. बोटानं पुसून घ्यावं तसं लख्ख होतं.

संध्याकाळी ते खोलीत गेले. लॅपटॉपचं झाकण मिटलेलं होतं. खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची गरम होती.

ऊन येतं खिडकीतून, काका स्वतःला म्हणाले. त्या खोलीची खिडकी उत्तरेला होती.

४

कचेरीच्या टायपिंगच्या खोलीत एकेकाळी अकरा मशीनं चालायची. काका डोळे मिटून सांगायचे, हा आवाज कुणाचा. प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी हातोडा मारल्यासारखा टायपतो, कुणी घाईत दोन अक्षरं एकात एक अडकवतो, एक बाई तर नवऱ्याशी भांडून आली की ठिपके कागदाच्या आरपार मारायची. पैजा लागायच्या यावर. काका कधी हरले नाहीत.

म्हणून पुढच्या मंगळवारी त्यांनी कागद घेतले, काकूंना सांगितलं आणि जिना उतरून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं पाव तास उभे राहिले. मग हळूच परत आले आणि आपल्याच दाराबाहेर चोरासारखे कान देऊन थांबले.

आत टायपिंग चाललं होतं.

खरं सांगायचं तर काकांच्या मनात एक आशा होती. वेडी आशा, पण होती. त्यांना वाटलं होतं, तो असेल. पोरगा असेल. पोराचा हात त्यांना पाठ होता. गेम खेळताना डाव्या हाताची चारच बटणं दडदड दडदड, मग गप्प, मग पुन्हा दडदड. काकांनी श्वास धरून ती दडदड शोधली.

ती नव्हती. हा जाणता हात होता. दहाही बोटं चालत होती, संथ, एकसारखी. कुणाची? ओळखीची तर वाटत होती. अकराही जण त्यांनी मनातून फिरवून बघितले. कुणाशी जमेना. मग ओळ संपली आणि आवाज अर्धा श्वास अडखळला, पुन्हा सुरू झाला. पुढची ओळ संपली, पुन्हा तेच.

टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हातानं कागदाची गाडी सरकवावी लागते. कॉम्प्युटरला गाडी नसते. पण काकांचा डावा हात अजून सवयीनं अर्धा उचलला जायचा आणि ओशाळून खाली यायचा. तेवढीच ती खोट. जगात कुणाच्या हातात ही खोट असेल तर ती त्यांच्या.

आपला स्वतःचा हात माणूस बाहेरून कधी ऐकत नाही. म्हणून ओळखायला वेळ लागला.

त्यांना आधी वाईट वाटलं. भीती नंतर आली. पोरगा आला नव्हता. जे कुणी येऊ शकत होतं, त्यानं यायला पोराचं नव्हे, आपलं रूप निवडलं होतं.

त्यांनी किल्ली लावली. आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं, पंखे तेवढे मंदावत होते. काकांनी सकाळी वही एकशे बाराव्या पानावर उघडी ठेवली होती. आता ती एकशे एकोणिसाव्यावर होती. काकांनी चष्मा लावला आणि नोंद न् नोंद ताडून बघितली. टाकीतलं पाणी, गळका नळ, गढूळ पाण्याची तक्रार. एक जरी चूक सापडती तरी त्यांना धीर आला असता.

चूक नव्हती.

दाराशी कप होता. तळाला चहाचा गाळ, ओला.

५

काकू शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अगं, मी घरात नसताना आत कोण असतं?"

"तुम्हीच की."

"मी बाहेर होतो."

"मग असाल बाहेर."

"अगं, मग आत कोण होतं?"

"तुम्ही." काकूंनी शेंग खाली ठेवली. "अहो, मला वेड लागलंय असं वाटतंय ना तुम्हाला? वाटू द्या. आठ महिने मी कुणाला काही विचारलं? देवाला विचारलं नाही. तुम्हाला विचारलं नाही. आता कुठं दोन घास जातायत, तर तुम्ही कशाला विचारता?"

काका खाली बसले. गुडघे वाजले. "पण मी टायपतो तेव्हाही जेवायचीस की तू. पहिल्या दिवशी जेवलीस."

"जेवले. नंतर नंतर जाईना." काकूंनी टरफलं बाजूला सारली. मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "तुम्ही टायपता ना, तेव्हा तुमचे कान भिंतीला असतात. ही जेवतेय का, ही जेवतेय का. मला कळतं हो. घास घशाशी अडतो. आतले तसं करत नाहीत. ते नुसतं काम करतात. घरातलं माणूस आपल्या कामात आहे, सगळं ठीक चाललंय, असं वाटतं. मग भूक लागते."

"आतले," काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा शेंग उचलली.

काकांनी हट्ट केला. पुढचे चार दिवस त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. खुर्चीतून उठायचे ते जेवायला आणि निजायला. कान भिंतीला लावायचे नाहीत असं ठरवलं, पण कान का कुणाच्या ताब्यात असतात? पलीकडून ताटाचा आवाज यायचा, तो ताट उचलून ठेवल्याचा. पहिल्या दिवशी काकूंनी निम्मं ताट ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळं. चौथ्या दिवशी सकाळी त्या अंथरुणावर उठून बसल्या आणि परत आडव्या झाल्या. त्यांचं मनगट काकांच्या दोन बोटांत मावलं.

"आज कचेरीत नाही का जायचं?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. तक्रार नव्हती त्यात. नुसती विनवणी होती.

काकांनी शर्ट चढवला. बटणं लावायला त्यांना खूप वेळ लागला. बोटांना बटण सापडायचं, पण बटणाला बोटं सापडल्यासारखं वाटायचं नाही. शेवटची दोन तशीच सोडून ते बाहेर पडले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असतानाच मागं टायपिंग सुरू झालं.

६

मग काका रोज जाऊ लागले. कचेरीत रोज कोण बसू देणार? बागेतल्या बाकावर बसायचे. वाचनालयात एकच वर्तमानपत्र उलटंपालटं करून वाचायचे. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायचे, तिथं बसलेल्याला कुणी हटकत नाही. आधी दुपारपुरतं, मग सकाळपासून.

कारकून खूश होता. "काका, माणूस आहात की मशीन? तरणी पोरं महिन्यात करत नाहीत ते तुम्ही आठवड्यात आणून टाकता. जरा दमानं घ्या, नाहीतर आम्हालाही काम करावं लागेल!" त्यानं पोचपावती पुढं केली. काकांनी पेन धरलं. पेन बोटांतून निसटलं, पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. कागदावर उमटली ती सही नव्हती, कोळ्यानं पाय ओढत जावं तशी रेघ होती.

"राहू द्या हो," कारकून जरा वरमून म्हणाला. "मागची सही झकास होती तुमची. तीच दाखवतो साहेबांना."

मागच्या वेळी कागद कुणी आणून दिले, हे काकांना आठवेना. विचारायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरीणबाईही खूश. "काका, काय जादू केलीत? चार किलो! गालावर रंग आलाय बघा काकूंच्या." मग त्यांचं लक्ष काकांच्या हातांकडं गेलं. त्यांनी एक हात उचलून बघितला, दाबला. "दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"काहीच कळत नाही," काका म्हणाले. खरंच कळत नव्हतं. दुखणंसुद्धा गेलं होतं.

एकदा न राहवून त्यांनी लॅपटॉप उचलला होता. उचलला म्हणजे कोपरांत धरून छातीशी कवटाळला. कुठं तरी ठेवून यावा, विहिरीत टाकावा, काही तरी करावं. उंबऱ्यापर्यंत गेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अडवलं नाही, रडल्या नाहीत. डब्यात चमचा ठेवायला विसरल्याच्या दिवशी फोन कानाला लावून जशा उभ्या होत्या, तशा उभ्या राहिल्या. काकांनी लॅपटॉप परत नेऊन टेबलावर ठेवला. वायर लावायला हात चालेनात, तर काकूंनी ती लावली.

त्याच आठवड्यात जिन्यात ते चढत असताना वर शिंपीणबाई आणि काकू बोलत होत्या.

"काका दिसले नाहीत बरेच दिवस?"

"हे होय? हे आत कामात आहेत," काकू हसून म्हणाल्या. "डोकं वर काढायला फुरसत नाही."

शिंपीणबाई खाली उतरली. काका भिंतीला चिकटून बाजूला झाले. त्यांच्याकडं बघून ती एरवी "काय काका, पोटाला चिमटा घेता का?" अशी चेष्टा केल्याशिवाय जायची नाही. आज ती पदर आवरून घेऊन गेली, अरुंद जिन्यात एखाद्या परक्याला वाट देतात तशी.

७

आधी पाचला टायपिंग थांबायचं. काका घरी यायचे. मग सहाला थांबू लागलं, मग सातला. काका जिन्यात बसून वाट बघायचे. थांबल्याशिवाय किल्ली लावायची नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मध्येच आत गेलं तर घास मध्येच राहणार.

त्या संध्याकाळी ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आतून टायपिंगचा आवाज नव्हता. काकांना हायसं वाटलं. दमले होते. दिवसभर पोटात काही नव्हतं, बाहेर खायचं तर घास उचलायला हात हवेत. कोपरानं खिशातली किल्ली वर ढकलत असताना त्यांना हसू ऐकू आलं.

काकू हसत होत्या. आठ महिन्यांत, नाही, आता वर्ष होत आलं, ते हसू घरात वाजलं नव्हतं. काका किल्ली विसरले. स्वयंपाकघराची खिडकी जिन्याच्या गॅलरीत उघडते. तिची एक फळी अर्धवट लोटलेली होती. ते तिच्यापाशी गेले.

दिव्याखाली टेबल होतं. टेबलावर दोन ताटं होती. काकू अलीकडं बसल्या होत्या, गोबऱ्या, केस नीट बांधलेले, आणि समोरच्या ताटात वाढत होत्या. समोरचं माणूस फळीच्या आड होतं. दिसत होते ते नुसते हात, मनगटापर्यंत. ताटाच्या दोन बाजूंना ऐसपैस टेकलेले. सूज नाही, गाठी नाहीत, बोटं सरळ. काकांचे तिशीतले हात. वाढून झालं तसा त्यातला डावा हात अर्धा उचलला गेला आणि परत खाली टेकला.

काकांच्या तोंडून काही तरी निघालं असावं. काकूंनी मान वर केली आणि खिडकीकडं बघितलं. बाहेर अंधारून आलं होतं, त्यांना काही दिसलं नसावं. पण हातातला घास हातातच थांबला.

"कोण आहे हो बाहेर?"

ते हात हलले नाहीत.

"कोणी नाही गं," काकांच्या आवाजात कुणी तरी म्हणालं. दमलेलं नव्हतं, घाबरलेलं नव्हतं. "तू जेव."

काका खिडकीशी उभे होते. हाक मारायला तोंड उघडलं होतं. एक हाक मारली की काकू धावत येतील, दार उघडतील, हे त्यांना ठाऊक होतं. आणि ताट तसंच राहील, हेही ठाऊक होतं. काकूंच्या हातातला घास अजून तिथंच होता, ताटाच्या आणि तोंडाच्या मध्ये. काकांनी त्या घासाकडं बघत तोंड मिटलं. नाकानं सुद्धा श्वास घेतला नाही.

घास तोंडात गेला. काकूंनी तो चावला, गिळला. मग दुसरा केला.

काकांनी तेवढं बघितलं आणि पाय न वाजवता जिना उतरायला लागले.